बसून जमेल असं काही

मेहकर तालुक्यातल्या एका गावात मी शाळामास्तर होतो. नोकरीसोबत आणखी एक काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं, ते म्हणजे सकाळचा योगवर्ग. बुलढाण्याला जाऊन तीन आठवड्यांचं शिबिर करून आलो आणि येतानाच पांढरा सदरा-पायजमा शिवून आणला. रोज सहाला शाळेच्या ओट्यावर सतरंज्या अंथरायचो. पंचवीस-तीस माणसं यायची. पोलीस पाटील, किराणावाला, शाळेतली दोन-चार धष्टपुष्ट पोरं. सगळ्यांच्या टाचा एका रेषेत आल्या की मला फार बरं वाटायचं.

शेत माझ्या नावावर होतं, पण करायची ती बायकोच. मी तिच्या हाताखालचा रविवारचा गडी.

ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्याकडे जुनी कपाशी होती. आश्विनात बाया शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवून सीतादही करायच्या आणि मग वेचणी सुरू व्हायची. बोंडं एकाएकी फुटायची नाहीत. आज चार, परवा सहा, असं करत माघापर्यंत चालायचं. बाया गप्पा मारत वेचायच्या. दुपारी बाभळीखाली पाठ टेकून तासभर पडायच्या, आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. पाऊस सरलेला, रब्बीची घाई अजून लागलेली नाही, असा आश्विन हा सावकाश महिना होता.

मग बीटी कपाशीचं नवं बियाणं आलं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं सगळं गाव खूश होतं. पण हे झाड बुटकं, बोंडं बुडापासून लागलेली आणि फुटायची सगळी एकदमच. पंधरा दिवसांत अख्ख्या शिवाराचा कापूस घरी आणायचा. वेचणीला बाया मिळेनात. बायको कमरेला कापसासाठी ओटी बांधून पहाटे जायची ती दिवस मावळल्यावर यायची. घरी आली की दाराची चौकट धरून जरा वेळ उभी राहायची. कंबर सरळ व्हायला तेवढा वेळ लागायचा.

अशाच एका आश्विनात ती वर्गाला आली. सोबत शेजारची चाची होती. चाची गोधड्या शिवायची. आयुष्यभर मांडी घालून शिवलं, त्यात गुडघे गेले. ती ओट्याच्या कडेला उभीच राहिली.

"मास्तर, माह्ये गुडघे वाकत नाही. खुर्ची देता काय एखादी?"

बायकोही हळूच म्हणाली, "हो ना, मलेही खाली वाकलं की कळ येते. बसून जमेल असं काही सांगा ना आमाले."

शाळेत खुर्च्या होत्या. हाताशीच होत्या. पण मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "चाची, खुर्चीवर बसून योग होत नसतो. खुर्चीवर बसून चहा होतो."

लोक हसले. चाचीही हसली, पदर तोंडाला लावून. बायको हसली नाही.

मग मी तिला सतरंजीवर बसवलं, पाय लांब करायला सांगितलं आणि अंगठे धरायला लावले. तिचे हात नडगीपर्यंतच पोचले. माझ्या घरच्या माणसाला जमत नाही, याचीच मला लाज वाटली. मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दाबला.

"सोडा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "श्वास सोड, मग जाईल."

"सोडा म्हणते ना मी."

चाचीनं तिला हात धरून उठवलं आणि दोघी निघून गेल्या. ती त्या दिवशीही वेचायला गेली. मला ते माहीत होतं. तरी मी शाळेची घंटा द्यायला गेलो.

पुढं काही दिवसांनी मी चाचीच्या पडवीवरून जात होतो. चाची लाकडी पेटीवर बसून दोन्ही हात हळूहळू वर नेत होती. बायको खिडकीचे गज धरून एकेक पाय मागं ताणत होती. मग तिनं गोधड्यांच्या गठ्ठ्यावर छाती टेकली, डोळे मिटले आणि नुसती पडून राहिली. तिच्या चेहऱ्यावर इतका निवांतपणा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

आणि मी काय केलं? मी म्हणालो, "हे काय चाललंय?"

ती दचकून उठली. "काही नाही. पाठ मोकळी करून राह्यलो."

"असं मनानं केलं तर अपाय होतो. शास्त्र असतं त्याला."

पुढं मी त्यांना तसं करताना कधी पाहिलं नाही. माझ्या मागं करत असतील, असं मी स्वतःला कैकदा सांगितलं आहे. विचारायचा धीर झाला नाही.

काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी आली. बोंडं अर्धीच उघडायची, आत कापूस पिवळा पडलेला, चिकटलेला. तो नखानं ओरबाडून काढावा लागायचा. एका ओटीला दुप्पट वेळ. मी म्हणालो, राहू दे शेतात. ती म्हणाली, "हातानं लावलं, तसंच काऊन सोडू?" त्या हिवाळ्यात तिची पाठ वाकली ती वाकलीच. डॉक्टरांनी मणक्याचे फोटो उजेडात धरून दाखवले आणि विचारलं, "इतकी वर्षं काय करत होते?" आम्ही कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्या, सोयाबीन पेरलं.

निवृत्तीनंतर मी न्हाणीघरात घसरलो. खुबा मोडला. ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक मुलगी आली. तिनं माझ्या पुढ्यात खुर्ची ठेवली.

"काका, यावर बसूनच करायचं. श्वास घेत हात वर. जेवढे जातील तेवढेच, ओढाताण नको. हाही योगच आहे."

मी हात वर केले आणि मला रडू आलं. तिला वाटलं, दुखतंय.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"हेच तर मी म्हणत होती तवा."

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"मले काऊन सांगता? चाचीले सांगा."

चाची जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. हे तिला माहीत होतं, मलाही.

आता आश्विन लागला की ऊन कलल्यावर मी अंगणात दोन खुर्च्या मांडतो. माझी काठी बाजूला ठेवतो. कधी ती येऊन बसते, कधी "आज नाही" म्हणते. मी आग्रह करत नाही. बसली की हात खांद्यापर्यंत नेते, तिथंच धरते आणि खाली आणते. डॉक्टर म्हणतात, दुखणं थोडं कमी होईल, पाठ मात्र आता सरळ होणार नाही. बोलताना तिला मान तिरपी करून माझ्याकडं पाहावं लागतं. म्हणून मी माझी खुर्ची सोडून पायरीवर बसतो. खुबा कुरकुरतो, पण तिची मान दुखत नाही.

परवा हात खाली आणताना ती म्हणाली, "बरं वाटते याच्यानं."

मीही माझे हात खाली आणले. बोलण्यासारखं जे होतं, त्याची वेळ त्या सकाळी शाळेच्या ओट्यावर होती.