वनजाचा एकच जीव

मुलीला चहा द्यायला गेले, तर संगणकाच्या पडद्यावर तिच्या खेळातली धनुर्धारी वनजा पुलापाशी नुसती उभी होती. एरवी हीच वनजा राक्षसांच्या घोळक्यात बेधडक घुसायची. मेली तरी पुन्हा उठायची.

"आज घाबरली वाटतं?"

"मैत्रिणींशी पैज आहे, आई. एकच जीव. मेली की पुसून टाकायची. जास्त टिकेल ती जिंकली."

मी तिथेच टेकले. वनजा आता प्रत्येक दाराशी कानोसा घेत होती, शिदोरी बांधून निघत होती. वाटलं होतं, एकच जीव म्हटल्यावर भीती वाढेल; इथे तर बघणंच वाढलं होतं. पुलाखाली कमळं आहेत, हे मुलीलाही आजच दिसलं.

वनजा ड्रॅगनच्या तावडीतूनही सुटली. सुखरूप गावात आली, आणि स्वतःच्याच घराच्या माळ्यावरून उतरताना शिडीची पायरी चुकून पडली. मेली.

फोनवर मैत्रिणी खो खो हसल्या. मग मेलेल्याला मान देण्याच्या त्यांच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकीने लढाई अर्धवट सोडून आपापल्या योद्ध्याला गुडघ्यावर बसवलं. मुलीने वनजाला पुसलं आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

संध्याकाळी मी भाजीला निघाले. जिना रोजचाच. आज कठडा धरून उतरले.