उपाशीपोटी तपासलेली गाडी

माझ्या आत्याला या जगात धडधाकट असं काही दिसतच नाही. माणूस असो, मांजर असो, नाहीतर सोसायटीची पाण्याची मोटर असो, तिच्या लेखी सगळे पेशंट. कुणाला आपला आजार कळलेला असतो, कुणाला अजून कळायचा असतो, एवढाच फरक. महाळुंग्याच्या एका कारखान्यातल्या दवाखान्यात तिने तीस वर्षं नर्स म्हणून काढली. कामगार तिला सिस्टर म्हणत, साहेब सिस्टर म्हणत, आणि ऐकून ऐकून माझे वडीलही सिस्टर म्हणायला लागले. ते तिचे सख्खे भाऊच असल्यामुळे त्यात चूक काढायला कुणाला जागा नव्हती. लग्न तिने केलं नाही. निवृत्त झाल्यावर चऱ्होलीला फ्लॅट घेतला आणि राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या लिफ्टला संधिवात असल्याचं जाहीर केलं. मी माझ्या होणाऱ्या बायकोला पहिल्यांदा तिच्याकडे नेलं, तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधी तिने त्या बिचारीची खालची पापणी ओढून पाहिली आणि मला म्हणाली, "रक्त कमी आहे. बाकी मुलगी छान आहे."

अशा बाईने एकसष्टाव्या वर्षी जाहीर केलं, की मला जुनी, पण चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्यायची आहे. तिला गाडी चालवता येते का, हा प्रश्न नव्हता. एकदा कारखान्याच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हरच चक्कर येऊन पडला, तेव्हा त्यालाच मागे झोपवून तिने ती गाडी हॉस्पिटलपर्यंत नेली होती. तिथे उतरल्यावर तिला कळलं, की आपल्याला हे आवडतं. पुढच्याच महिन्यात तिने रीतसर लायसन्स काढलं. प्रश्न वडिलांना पडला होता तो वेगळाच. "सिस्टर, अगं आळंदी नाहीतर मोशी, याच्यापलीकडं तू जातेस कुठं? छोटी गाडी घे."

"छोटी चढत नाही," आत्या म्हणाली. कुठे चढत नाही, ते तिने सांगितलं नाही.

मी मारुंजीत राहतो आणि कॉम्प्युटरवर पोट भरतो, त्यामुळे डिझेल घ्यावं की पेट्रोल, हा शोध माझ्याकडे आला. मी दोन रात्री खपून तक्ता बनवला. डिझेलचं ॲव्हरेज, पेट्रोलचा मेंटेनन्स, लाल रंग, हिरवा रंग, सगळं त्यात होतं. आत्याने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. म्हणाली, "रिपोर्ट छान आहे. आता पेशंट दाखव."

मग आमच्या रविवारच्या राउंडस् सुरू झाल्या. मोशीच्या एका यार्डात पेट्रोलची पांढरीशुभ्र गाडी होती. विकणारा तरुण उत्साहाने म्हणाला, "मॅडम, सिंगल ओनर. डॉक्टरांची गाडी आहे, डॉक्टरांची!" आत्या तिथूनच मागे फिरली. "डॉक्टर स्वतःची तपासणी कधी करत नाहीत, ते गाडीची काय करणार?" चाकणजवळ एक डिझेल गाडी चांगली मिळाली. मालकाने आम्ही पोचायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवलं होतं. आत्याने बॉनेटवर तळहात ठेवला, तो क्षणभर तसाच धरला आणि मालकाकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरला. "याला गरम करून का आणलंत? मी उद्या सकाळी येईन. उपाशीपोटी बघायचंय." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, रात्रभर थंड पडलेल्या त्या इंजिनाला स्टार्टर मारायला लावून ती मागे सायलेन्सरपाशी उकिडवी बसली. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिने ती ऐकली नाही. पर्समधून पांढऱ्या जाळीच्या कापडाची घडी काढून धुरापुढे धरली आणि उजेडात न्याहाळली. "खोकला कोरडा आहे," ती म्हणाली. मालकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दादा, या आरटीओतून आल्यात का?"

गाडी पसंत पडली होती, पण आत्या हो म्हणेना. त्या डिझेलसारखीच एक पेट्रोलची गाडीही तिच्या तपासणीत पास झाली होती. शेवटी आम्ही चाकणच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. पूर्वी कधीतरी आत्याने त्यांच्या पायातून पत्र्याचा तुकडा काढला होता, त्यामुळे त्यांनी आधी ती खूण दाखवली, मग चहा मागवला आणि मग विषयाला हात घातला.

"सिस्टर, डिझेल म्हंजी डोंगरातला गडी. वझं लादा, चढ दाखवा, खालच्या आवाजात वढत ऱ्हातंय. पण ह्या नव्या डिझेलला सायलेन्सरात जाळी असती. रोज भाजीपुरतं फिरवलं, तर इंजिन तापत न्हाई, काजळी जळत न्हाई, जाळी तुंबती. त्याला लांब पळवायलाच लागतंय. पेट्रोलचं तसं न्हाई. घरात बसलं तरी गप ऱ्हातंय. फकस्त चढाला लई पितंय." मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. "आता मला खरं सांगा. डोंगर वर्षातनं किती येळा चढणार?"

"बघू," आत्या म्हणाली.

"बघू न्हाई. डाक्टरला आन मिस्त्रीला खरं सांगावं."

किती दारू पिता, गोळ्या खरंच घेता का, असल्या प्रश्नांनी तीस वर्षं कामगारांना घाम फोडणारी माझी आत्या त्या तेलकट बाकावर चष्मा पुसत बसली. मग माझ्याकडे न बघता बोलू लागली. दवाखान्यात हौसाबाई म्हणून आया होत्या. बावीस वर्षं दोघींनी एकाच डब्यातून खाल्लं. मशीनमध्ये कुणाचा हात सापडला, की आत्या जखम धरायची आणि हौसाबाई त्या माणसाचं डोकं. निवृत्त झाल्यावर हौसाबाई पश्चिमेकडे, धरणामागच्या डोंगरात आपल्या वाडीवर गेल्या. जाताना म्हणाल्या, सिस्टर, एकदा घरी या. आत्या गेली होती. एसटीने पायथ्यापर्यंत गेली आणि चालायला लागली. अर्ध्या चढावर गुडघे बसले. दगडावर तासभर बसून ती उतरली आणि परत आली. "तिला कळवलंच नाही मी आले होते म्हणून," आत्या म्हणाली. "वाडीवर फोन लागत नाही, ते एक बरं."

मिस्त्रींनी तिच्यापुढे चहाचा दुसरा कप सरकवला. मी मात्र शहाणपणा केला. "आत्या, वर्षातून दोनदाच जाणार असशील, तर पेट्रोल घे. डिझेल परवडायला दर महिन्याला तरी लांब जायला हवं."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. एखाद्या अवघड केसचं निदान झाल्यावर दिसावा, तसा तिचा चेहरा मोकळा झाला होता. "मग दर महिन्याला जायचं. डिझेल."

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी शेजारी बसलो होतो आणि हाताशी सापडेल ते घट्ट धरून होतो. डांबर संपलं, मुरूम संपला आणि पुढे नुसती घळ उरली. आत्याने चारही चाकांचा छोटा गिअर टाकला आणि गाडीशी बोलायला लागली. "घाई नाही. श्वास घे. मी आहे ना इथं." इंजिन घुमत राहिलं, चाकं दगड चाचपत राहिली आणि माणसाच्या चालीने आम्ही वर पोचलो. आवाज ऐकून वाडीतली सगळी माणसं बाहेर आली होती. त्यात एक बारीकशी म्हातारी कपाळावर हात धरून पाहत होती.

"सिस्टर? आन इतक्या वर कशापायी आलासा?"

"गाडीची जाळी साफ व्हायला लांब यावं लागतं," आत्या म्हणाली. "मिस्त्रींनीच सांगितलंय."

"व्हय का," हौसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आत्याचा हात जो धरला, तो आम्ही निघेपर्यंत सोडला नाही. चहासुद्धा सुनेला करायला लावला.

त्याला आता तीन वर्षं झाली. आत्या अजून जाते, महिन्यातून एकदा, कधी दोनदा. वाडीतल्या कुणाला खाली तालुक्याला न्यायचं असेल, तर तेही करते. गेल्या रविवारी माझ्या मनात आलं, की आपण आत्याकडे शेवटचे गेलो ते दिवाळीत. मारुंजी ते चऱ्होली रस्ता चांगला डांबरी आहे, चढ म्हणावा असा एक नाही. न कळवताच गेलो. दाराला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, सिस्टर पहाटेच गेल्या. परत फिरणार होतो, पण का कोण जाणे, थांबलो. खाली पार्किंगच्या कट्ट्यावर दुपार काढली. दोनदा चहा पिऊन आलो. पाचच्या सुमाराला चिखलाने माखलेली गाडी आत आली. आत्याने काच खाली केली आणि मला आपादमस्तक पाहिलं.

"काय रे, काय होतंय?"

"काही नाही. सहज आलो."

गाडी बंद करून ती खाली उतरली. मग मागच्या सीटवरचं गाठोडं माझ्या हातात दिलं. "हौसाने हातसडीचे तांदूळ दिलेत. भात टाकते. जेवूनच जा."