बसलिंगप्पांनी जागवलेला डायनामो

सज्जनहो, ज्यांच्यामुळे आमच्या गावाच्या घशाला ओल मिळाली, त्या बसलिंगप्पांचे नाव आज कृतज्ञतेने घेतो. लातूरच्या गंजगोलाईजवळ त्यांचे मोटार वाइंडिंगचे दुकान. सकाळी इष्टलिंगाची पूजा, कपाळी भस्म, आणि मग दिवसभर हातांत तांब्याची तार.

लातूर जिल्हा होऊन पहिलाच उन्हाळा होता, आणि तो दुष्काळाचा निघाला. कोणता तलाव आटला हे वरून पाहून टँकर ठरवायचे होते. त्यासाठी नांदेडच्या धावपट्टीवर एक जुने दोन आसनी विमान आले आणि बॅटरी चार्ज करणारा त्याचा डायनामो जळाला. विमानाचे इंजिनिअर नरसिंगराव यांनी अप्पांना बोलावून घेतले.

“अप्पा, आता सगळे अल्टरनेटर बसवतात. वजनाला हलका, इंजिन संथ असलं तरी चार्ज करतो.”

“हाव, करतो. पण बॅटरी मेली की त्याला जागं करणार कोण? ह्यो डायनामो जड हाय, जमिनीवर आळशी हाय. पण लोखंडात चुंबकाची आठवण उरती. वर गेला की आपला आपण जागा होतो.”

“म्हणजे तुमच्यासारखाच. जड अन् आळशी.”

अप्पा हसले आणि कामाला लागले. नवी तार गुंडाळली की लोखंडाची ती आठवण बॅटरीची तार क्षणभर टेकवून पुन्हा जागवावी लागते. अप्पांनी ती जागवली आणि दुपारच्या बसने लातूरला निघाले.

वाटेत लोहा गावच्या स्टँडवर बस थांबली. शेजारी एक जुना ट्रॅक्टर उघडून ठेवला होता. बॅटरीच्या प्लसची तार सांगाड्याला आवळलेली. जुन्या ट्रॅक्टरांची ती रीतच. या विमानात मात्र सांगाड्याला मायनस होते. जन्मभर ट्रॅक्टरांचे डायनामो दुरुस्त केलेल्या हातांनी सवयीने विमानाचा डायनामोही उलटाच जागवला होता.

संध्याकाळी इंजिन लावताच डायनामो आणि बॅटरी जोडणारा कटआउट जळणार. नवा मुंबईहून यायला आठ दिवस. तेवढे दिवस तहानलेली गावे वाट पाहणार. दोष मात्र म्हाताऱ्या यंत्रावर जाणार, अप्पांवर नव्हे. हे सारे त्यांना कळले. ते उतरले आणि नांदेडची बस धरली.

“काय अप्पा, पानाचा डबा राहिला का?” नरसिंगरावांनी विचारले.

“चूक राहिली माझी हितं. इंजिन लावलं न्हाई ना?”

“लावतच होतो.”

अप्पांनी सारे सांगितले आणि तार सुलट टेकवली. इंजिन घुमू लागले. वेग चढताच अॅमीटरचा काटा चार्जकडे सरकला.

“तुम्ही आला नसता, तर मी या डायनामोलाच शिव्या घातल्या असत्या.”

“त्याला कशापायी? त्याला जे शिकवलं, तेच त्यानं ध्यानात ठेवलं.”

दुसऱ्या सकाळी ते विमान आमच्या देवणी गावावरून गेले. आमचा तलाव आटलेला दिसला आणि तिसऱ्या दिवशी टँकर आला. माझी आई नीलम्मा हिने पहिली घागर भरली, तेव्हा लोह्याच्या स्टँडवर कोण उतरले होते हे तिला ठाऊक नव्हते. मला पुढे कळले. तेव्हापासून शिवकीर्तनाला उभा राहताना महादेवाला हात जोडतो, आणि तेच हात न सोडता बसलिंगप्पांनाही जोडतो.