वहिनींचे कान आणि गाडीचं अपडेट

दादांसमोर कुणी "मला असं वाटतं" म्हणालं, की ते शांतपणे विचारत, "मोजलंस का?" लिफ्ट हल्ली हळू चालते म्हणावं, तर ते घड्याळ बघायला लागत. तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनांचा आवाज आणि थरथर मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता. मूळचे नागपूरचे, नोकरीसाठी परदेशी आलेले. बुकित बातोक या आमच्या वस्तीतल्या मराठी मंडळींत वयानं मोठे, म्हणून सगळ्यांचेच दादा. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो.

मोजलेलं सगळं एका वहीत उतरे. वहिनी म्हणत, "माझ्या पोळ्या तेवढ्या मोजायच्या राहिल्या."

वहिनींना कमी ऐकू येऊ लागलं होतं. बारीक, टोकदार आवाज निसटत. स, श, त ही अक्षरं हरवत. श्रवणयंत्र लावलं की गाणं पत्र्यावर वाजल्यासारखं लागे. आणि गाणं त्यांना हवंच होतं. त्यांचे वडील विदर्भात गावोगाव भीमगीतं गात. त्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं. दादांनी गाडी घेतली तेव्हा दोन रविवार कारपार्कमध्ये बसून, वहिनींच्या सीटला मायक्रोफोन बांधून, चाचणीचे जाड-बारीक आवाज वाजवून, स्क्रीनवरच्या रेघा वरखाली करत गाडीतला आवाज त्यांच्या कानांना जुळेल असा लावला. त्या सीटवर वहिनींना यंत्राशिवाय वडिलांचा शब्द न् शब्द कळायचा.

मग गाडीत एक सॉफ्टवेअर अपडेट आलं. नकाशे आणि बॅटरीसाठी आहे, असं स्क्रीनवर लिहिलं होतं. त्या शनिवारी आम्ही तिघं वुडलँड्सला निघालो होतो. गाडीत वडिलांचं गाणं लावलं होतं. अर्ध्या वाटेवर वहिनी म्हणाल्या, "बाबा काय म्हणून राहिले ते कळत नाही." मग म्हणाल्या, "बंद करा. माझे कान गेले आता."

मला मागच्या सीटवर काहीच फरक जाणवला नव्हता. मी त्यांची समजूत घातली, "वहिनी, वयानं होतं असं थोडंफार." दादांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी वहिनींचे कान तपासून घेतले. निकाल आधीच्या तपासणीसारखाच आला. मग ते कारपार्कच्या त्याच कोपऱ्यात गेले आणि तोच मायक्रोफोन लावून तेच आवाज पुन्हा वाजवले. जाड आवाज होते तसेच होते. बारीक आवाज चांगलेच कमी झाले होते. स्क्रीनवरच्या रेघा मात्र दादांनी लावल्या होत्या तिथेच होत्या.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी त्या रेघा दाखवून त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला मॅनेजरनं अदबीनं सुचवलं, की वय झालं की ऐकण्यात फरक पडतो. दादांनी वही त्याच्यापुढे सरकवली. म्हणाले, यातले आकडे यंत्राचे आहेत, त्याला म्हातारपण आलेलं नाही.

घरी वहिनीच कंटाळल्या. "अहो, सोडा ना आता. लोक हसतात."

"तू ऐकायचं सोडलंस," दादा म्हणाले, "म्हणून तर मला सोडता येत नाही."

त्यांनी त्याच मॉडेलची, पण अपडेट न केलेली गाडी शोधून काढली. ती वुडलँड्सच्या एका मलाय शिक्षकांची होती. त्यांच्या परवानगीनं दादांनी तिच्यात आपल्या गाडीसारख्याच रेघा लावून मोजमाप घेतलं. वायर धरायला मी होतो. आकडे वहीतल्या जुन्या पानाशी जुळले. दोन्ही पानं त्यांनी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पाठवली. उत्तर नाही. पुन्हा पाठवली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाठवत राहिले.

पावसाळी डिसेंबर उलटल्यावर कंपनीची एक तरुण चिनी इंजिनिअर आमच्या कारपार्कमध्ये आली. वहिनींच्या सीटवर बसून तिनं स्वतःच्या यंत्रानं अर्धा तास मोजलं. मग म्हणाली, "अंकल, यू आर राइट." कर्कश आवाज सौम्य करणारी एक नवी सोय त्या अपडेटमध्ये घातली होती. ती आपोआप चालायची, स्क्रीनवर दिसायची नाही. चांगल्या कानांना ती सुखावणारी होती. वहिनींचे शब्द मात्र त्या सोयीनं पुसून टाकले होते.

काही आठवड्यांनी आलेल्या पुढच्या अपडेटमध्ये ती सोय बंद करण्याचं बटण होतं. दादांनी ते दाबलं आणि गाणं लावलं. गाडी जागेवरच उभी होती. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. पहिलं कडवं संपलं तशा हळूच म्हणाल्या, "बाबांनी इथं श्वास घेतला." दादा स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

गेल्या वर्षी दोघं कायमचे नागपूरला परतले. चांगी विमानतळावर दादा सामानाच्या रांगेत होते, तेव्हा मी वहिनींजवळ गेलो. इतके दिवस मनात ठेवलेलं बोललो, "वहिनी, तेव्हा मी तुम्हाला वयाचं बोललो होतो. चुकलं माझं."

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "भाऊजी, तुमचं काय घेऊन बसलात? मी स्वतःच तसं म्हटलं होतं." मग रांगेकडे पाहत म्हणाल्या, "यांनी तेवढं माझं ऐकलं नाही."