बाही कुठी अटकते

"वजनाचं मले सांगू नको. बाही कुठी अटकते ते सांग," असं म्हणत आपा चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि समोरच्या बाईकडे अशा पाहायच्या, की तिने घरून ठरवून आणलेली थाप ओठातच राहायची.

अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. वय बावन्न. सगळी गल्ली त्यांना आपाच म्हणायची, त्यांच्याहून मोठ्या बायकासुद्धा. कुणी मापाला जुना ब्लाउज पुढे केला, की त्या तो बाजूला ठेवून टेप काढायच्या. "कापड तेच राह्यते, बाई तेच राह्यते का?"

तुम्हालाही अशी एखादी शिवणारी ठाऊक असेल, जिला तुमच्या अंगाची खबर तुमच्याआधी लागते.

मी तेव्हा नोकरी सोडून घरी एक मोबाइल ॲप बनवत होते. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांसाठी, व्यायामाचं. स्वतः होते तिशीत, म्हणजे अक्कल सोडून बाकी सगळं होतं. वजन, कॅलरी, पावलं, माझं ॲप काही मोजायचं सोडत नव्हतं. ओळखीच्या वीस जणींना ते दिलं. आठवड्यात सतरा जणींनी काढून टाकलं.

उरलेल्या तिघींत आपा होत्या, आणि त्यांच्या नावावर रोज बारा हजार पावलं पडत होती! मी हरखून दुकानात गेले. आपा पायडल मारत होत्या आणि फोन डगमगत्या मशीनवर ठेवलेला होता.

"पाह्य बेटा, बसल्याबसल्या मी बाळापूरच्या वाटेले लागली म्हन्ते तुहा फोन!"

मी तिथेच स्टुलावर बसले. माझा पडलेला चेहरा पाहून त्यांनी मशीन थांबवलं.

"तू बायाचं भलतंच मोजून राहिली. पंचेचाळिशी झाली का बाई हूक समोरून मागते. काहून? मांगं हात पोचत नाई म्हनून. घरी कोनाले सांगत नाई, मले सांगते."

मग त्यांनी मापांची वही उघडली. नावांपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: हूक पुढे. बाही सैल. डावा खांदा. मी पानामागून पान उलटत गेले. वर्षभर इंटरनेट धुंडाळून मला जे सापडलं नव्हतं, ते माझ्याच गल्लीत पेन्सिलने लिहून ठेवलेलं होतं.

"आणि तुमची बाही, आपा?" मी गमतीने विचारलं.

वरच्या फळीवरचा रिळांचा डबा त्यांनी डाव्या हाताने, मोजपट्टीने ढकलून खाली घेतला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. उजवा खांदा सहा महिने आखडलेला होता. डॉक्टरांनी रोज व्यायाम सांगितला होता, तो चार दिवसांत सुटला होता.

"कैची धरनारा हात गेला का दुकान गेलं, बेटा," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मी ॲप पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. अमरावतीच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंना गाठून एकेक व्यायाम तपासून घेतला. वजनाचा प्रश्नच काढून टाकला. पहिला व्यायाम अगदी साधा: भिंतीपाशी उभं राहायचं, बोटांनी भिंत चढायची, हात थांबेल तिथे खूण करायची. खुणेची कल्पना आपांची. त्यांनी कापडावर खुणा करायच्या खडूने दुकानाच्या भिंतीवर रेघ मारली, मी ॲपमध्ये तशीच भिंत काढली.

तीन आठवडे रेघ हलली नाही. ॲप मात्र रोज "शाबास!" म्हणायचं. आपा भडकल्या. "काई झालं नाई त शाबास कायची? फुकटची तारीफ मले नाई पाह्यजे!" त्याच दिवशी मी ती शाबासकी काढून टाकली.

चौथ्या आठवड्यात दुकानातून आरोळी आली, "दोन बोटं वर!" मी चपला न घालताच धावले. मापाला आलेल्या दोघी टाळ्या वाजवत होत्या. पुढे जी बाई मापाला येई, तिला आपा आधी भिंतीपाशी उभं करत. आज अमरावतीजवळच्या वलगावपर्यंतच्या बायका ते ॲप वापरतात आणि काढून टाकत नाहीत. लोक मला शाबासकी देतात. ती कुणाची आहे ते मी दर वेळी सांगते.

मागच्या हिवाळ्यात आपांनी दुकान आवरलं. धामणगाव रेल्वे या गावी मुलीने शिवणकामाचे वर्ग काढलेत, तिथे शिकवायला त्या गेल्या. मी अकोला स्टेशनवर पोचवायला गेले. डब्यात चढून त्यांची जड पेटी वरच्या फळीवर ठेवायला हात घातला.

"हट बाजूले."

पेटी त्यांनी स्वतः उचलली. गुडघ्यावर घेतली, छातीशी घेतली, आणि उजवा हात सरळ वर नेऊन फळीवर सरकवली. मग पदर सावरून खिडकीपाशी बसल्या आणि शेजारणीला गाडी बडनेऱ्याला किती वेळ थांबते ते विचारू लागल्या. डब्यात कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. एका बाईने पेटी वर ठेवली, एवढंच. मी फलाटावर उतरले आणि गाडी निघून गेल्यावर, अभिमानाने, भर लोकांत रडले.