न निघणारं झाकण

आमच्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली आहे. दारावर लांबलचक नाव रंगवलंय, पण सगळे तिला पेट्यांची खोली म्हणतात. पोटाला मोठी चीर न देता, दोन-तीन छिद्रांतून दुर्बीण आणि लांब चिमटे घालून ऑपरेशन करायचं, हे नवे सर्जन इथं शिकतात. माणसाचं पोट हातात देण्याआधी आम्हाला पेटी देतात. शहाणपणाचंच आहे ते. माझे सुरुवातीचे प्रताप ज्यांनी पाहिलेत त्यांना विचारा.

मण्यांची पेटी एकच, आणि साधीच. आत कॅमेरा, समोर पडदा, झाकणाला दोन भोकं. भोकांतून दोन चिमटे आत घालायचे, डावीकडच्या खुंट्यांवरचे सहा रबरी मणी उचलून उजवीकडच्या खुंट्यांवर लावायचे आणि परत आणायचे. शेंबडं पोरही करेल, असं वाटतं ना? करून बघा! हात डावीकडे नेला की आत टोक उजवीकडे जातं. हात वर केला की टोक खाली. डोकं ठिकाणावर राहत नाही. एका मिनिटाच्या आत हे जमलं तरच ऑपरेशन थिएटरात चिमटा धरायला मिळणार, असा हेडबाईंचा नियम. हेडबाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा झाले असते, तर पूर्ण वर्षभर थिएटरात भिंतीला टेकून दुसऱ्यांची ऑपरेशनं बघायची होती. माझ्या मागून आलेल्यांची!

आधीच राग माझ्या नाकावर, त्यात ही भीती. दुसऱ्या परीक्षेनंतर मी चिमटा टेबलावर आपटला, तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, "आपटू नका हो डॉक्टर, त्याचा काय दोष?"

ह्या मावशी. पेट्यांच्या खोलीतल्या मदतनीस. फरशी, पडदे, वायरी सगळं त्यांच्याकडे. आधी अकरा वर्षं बटणांच्या कारखान्यात बटणं निवडली, मग इथल्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घातल्या, आणि चार वर्षांपूर्वी गुडघे कुरकुरायला लागले म्हणून वर आल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि तोंड असं चालतं की पेशंट असत्या तर भूल आधी जिभेला द्यावी लागली असती. नवरा कुलपं दुरुस्त करतो. त्याचं नाव निघालं की म्हणायच्या, "जगाची कुलपं उघडतात, घरात तोंड उघडत नाहीत."

प्रत्येक विद्यार्थ्याचा सराव संपला की इकडेतिकडे पडलेले मणी पुन्हा डावीकडे लावून ठेवायचं काम मावशींचं. रीतसर पद्धत म्हणजे चार स्क्रू काढायचे, झाकण उचलायचं, हातानं मणी लावायचे. पण एका स्क्रूचं डोकं झिजलंय, झाकण निघत नाही, असं त्यांनी कधीचंच जाहीर केलं होतं. मग त्या काय करायच्या, ते कुणी बघितलंच नव्हतं. आम्ही हात झाडून निघून जायचो आणि पुढचा येईपर्यंत मणी जागच्या जागी. घरात कुलपांचा कारागीर असताना एक स्क्रू कसा दुरुस्त होत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डॉक्टर ना मी!

तेव्हा हेडबाईंचं संशोधन जोरात होतं. नवा हात किती तासांच्या सरावानं तयार होतो, हा विषय. तीन गट केले होते. मुरलेले सर्जन, आमच्यासारखे शिकाऊ, आणि तिसरा गट कोऱ्या हातांचा, म्हणजे ज्यांनी चिमटा कधी धरलाच नाही असे लोक. त्यात लिफ्टवाला होता, कॅन्टीनचा मालक होता, हेडबाईंचा मेहुणासुद्धा होता. स्टॉपवॉच माझ्याकडे दिलं होतं. नापासाला तेवढंच काम. लिफ्टवाल्याला साडेसहा मिनिटं लागली. मेहुण्यानं तर चौथ्या मण्याला हात टेकले आणि ही पेटीच वाकडी आहे म्हणाला.

माळी आला नाही म्हणून एक जागा रिकामी राहिली. हेडबाईंनी इकडेतिकडे बघितलं. "मावशी, या तुम्ही."

"मी कशाला? मला घासायचंय अजून."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटं कशाला लागतात?" असं पुटपुटत मावशींनी ॲप्रनला हात पुसले आणि चिमटे धरले.

चव्वेचाळीस सेकंद! मी घड्याळ कानाला लावून बघितलं, स्टॉपवॉच टिकटिकत नाही हेही विसरले. हेडबाई माझ्यावर खेकसल्या, "बटण उशिरा दाबलंस." पुन्हा घेतलं. एकेचाळीस. आमच्या मुरलेल्या सर्जनांत सगळ्यांत चांगली वेळ त्रेपन्न होती, आणि ते सर्जन तिथंच उभे होते. त्यांना एकदम कुठला तरी फोन आठवला.

"मावशी, शिकलात कुठं हे?" हेडबाईंनी विचारलं.

"शिकतेय कसली? आवरते रोज. झाकण निघत नाही ना, मग ह्या काड्यांनीच लावते मणी. दिवसाला तीस-चाळीस वेळा."

चार वर्षं, रोज तीस-चाळीस वेळा! हॉस्पिटलातला सगळ्यांत तयार हात हेडबाईंनी कोऱ्या हातांत बसवला होता. गटाची सरासरी पार बिघडली. हेडबाईंनी लाल पेनानं मावशींच्या ओळीवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, वगळले.

"काय लिहिलं हो त्यांनी?" मावशींनी मला हळूच विचारलं.

"वगळलं म्हणून."

"म्हणजे नापास?"

"नाही हो. फार चांगलं केलंत म्हणून."

"असं पण असतं?" त्या हसल्या. पण त्या दिवशी त्यांनी फरशी दोनदा पुसली. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. पण हेडबाईंना बोलायची माझी छाती कुठं होती? परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी मावशींपुढे जाऊन उभी राहिले. "मला शिकवा."

"मला नाही बाई शिकवता येत. मी आवरते."

"मग आवरायला तरी घ्या."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "दुपारी चारला ये. सगळ्यांचं तू आवरायचंस. मी बसणार."

आणि खरोखर बसल्या! स्टुलावर, पाय लांब करून. बाहेर जिन्यात भेटल्या की मी डॉक्टर आणि तुम्ही, खोलीत शिरले की अगं आणि तू. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बोटांकडे काय बघतेस? पळून जाणार आहेत का?" आणि माझ्या दोन्ही हातांवर पुसायचं फडकं टाकलं. "आता बघ पडद्याकडे. हाताला विसर. टोक कुठं जायचंय तेवढंच बघ."

परीक्षेत मणी खुंट्यांवर नीट मांडलेले असतात. आवरताना कसले आले नीट? पोरं कुठंही टाकून गेलेली असायची. एक कोपऱ्यात, एक कॅमेऱ्याखाली, एक भिंतीला चिकटून. कॅमेऱ्यात दिसतच नसलेला मणी टोकानं चाचपून पुढे ओढायचा आणि मग उचलायचा. माझ्या नाकी नऊ आले. चौथ्या दिवशी मी रडले. "रड, रड," मावशी म्हणाल्या, "पण चिमटा सोडू नकोस." दहाव्या दिवशी मी अकरा विद्यार्थ्यांचं आवरलं आणि मागे वळून बघितलं, तर मावशी स्टुलावर चक्क डुलकी काढत होत्या. ओरडायची गरज पडली नव्हती म्हणून. एवढी मोठी शाबासकी मला कधी कुणी दिली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी बाकीची पोरं भिंतीला लागून उभी होती आणि हेडबाई स्वतः स्टॉपवॉच घेऊन बसल्या. मावशी दाराजवळ दुसऱ्या पेटीचा पडदा फडक्यानं पुसत होत्या, एकच पडदा, कितीतरी वेळ. मी सुरू केलं. सहा मणी गेले, तीन परत आले. चौथा निसटला. टप्पा खाल्ला आणि पडद्यावरून गायब! पडलेला मणी सोडला तर दहा सेकंदांचा दंड, आणि शोधायला लागलं तर बहुतेकांची त्याहून जास्त जातात, म्हणून सगळे सोडतात. दहा सेकंदांचा दंड धरला असता तर मी संपले होते. पण हात थांबलाच नाही. तो मणी कुठं गेला असणार, ते हाताला ठाऊक होतं. मागची डावी भिंत. चाचपला, ओढला, उचलला, लावला. शेवटचे दोन कसे लावले ते मला आठवत नाही.

"अठ्ठावन्न," हेडबाई म्हणाल्या.

मी पास झाले हो! मी तिथंच किंचाळले. मावशींनी फडकं तोंडावर धरलं होतं.

"हरवलेला मणी काढायला कुणी शिकवलं?" हेडबाईंनी विचारलं. "आपण तर पडू न द्यायचाच सराव देतो."

"मावशींनी. त्यांनी मला आवरायला लावलं."

हेडबाईंनी वहीत अठ्ठावन्न लिहिलं. मग म्हणाल्या, "मला हे सुचायला हवं होतं." त्या उठून पेटीकडे गेल्या. "आधी हे झाकण बघू. चार वर्षं बाईंना त्रास झालाय." खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि तो झिजलेला स्क्रू फिरवला.

स्क्रू लोण्यासारखा फिरला. डोकं कसलं झिजलंय, चकचकीत होतं.

माझी नजर मावशींकडे गेली. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "खोटं बोलले मी," त्या म्हणाल्या. एवढी बोलकी बाई, पण आवाज बारीक झाला होता. "झाकण उघडून हातानं लावायला काय, कुणीही लावेल. मला त्या काड्या धरायच्या होत्या. जन्मभर बादली दिली मला, चादरी दिल्या. नाजूक काम कुणी कधी दिलंच नाही. मागितलं असतं तर दिलं असतंत का?"

दिलं नसतं. खोलीतल्या आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, आणि मला माझीच लाज वाटली.

हेडबाईंनी स्क्रू दोन आटे बाहेर काढला होता. तो त्यांनी सावकाश परत आत पिळला. शेवटी दात आवळून जोर लावला आणि स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

"नाही निघत," त्या म्हणाल्या. "फारच झिजलाय. मावशी, आता तुम्हाला असंच आवरावं लागणार. आणि उद्यापासून ही सगळी पोरं चारला तुमच्याकडे येतील."

"सगळी?" मावशींनी नाक ओढलं. "मग मला दुसरं स्टूल लागेल. ह्याचा एक पाय हलतो."