बसच्या मागे, काचा लावून

माझ्या गाडीत माझ्या बाजूच्या दाराला काचा खाली-वर करायची जी बटणं आहेत, त्यांतल्या मागच्या डाव्या काचेच्या बटणावरची खूण पुसत आली आहे. गाडी तशी जुनी नाही आणि बाकीची बटणं अजून नव्यासारखी आहेत. हे एकच झिजलं, कारण त्या काचेशी माय बसते. पुढे माझ्या शेजारी बाबा बसतात. मायला वारा लागतो आणि बाबांना वारा चालत नाही.

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये काढली. कापसातून सरकी वेगळी होताना जी बारीक रुई उडते, ती दिवसभर अंगावर बसायची. घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. आत यायच्या आधी ते दाराबाहेर उभं राहून दस्ती झटकायचे. दस्ती म्हणजे चौकड्यांचा मोठा रुमाल. कामावर ती नाकातोंडावर बांधलेली असे, पण रुई तिला जुमानत नसे. त्या कामावर माझं शिक्षण झालं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. नोकरी लागली, बुलढाण्यात घर झालं, गाडी आली. रुई मात्र बाबांच्या छातीतच राहिली. आता जरा धूळ गेली की त्यांचा दम उठतो आणि खिशातला पंप ओढावा लागतो. डॉक्टरांनी सांगितलं आहे, प्रवासात काचा बंद ठेवा, एसी बेताचा लावा, बाहेरची धूळ आत येऊ देऊ नका.

मायचं उलटं. तिचा जन्म निंदण-खुरपणात, उघड्यावर गेला. बंद गाडीत बसलं की सीटचा वास, एसीचा वास आणि तो गार झोत तिच्या डोक्यात जातो आणि पोटात ढवळायला लागतं. एसटीत खिडकी मिळाली तर ती नागपूरपर्यंत काहीही न होता जाईल.

तर या वर्षी उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीनं मेहकरला घर बांधलं. त्या घरात पहिली बुद्धवंदना बाबांनी म्हणायची, असं तिनं ठरवलं होतं. आमच्या गावच्या विहारात वंदना बाबाच म्हणायचे. पुढे ते ओळ म्हणणार, मागून सगळे. त्यांचा आवाज गावाच्या टोकापर्यंत जायचा. दम सुरू झाल्यापासून त्यांनी ते सोडून दिलं होतं. बहिणीनं फोनवर हट्ट धरला, "बाबा, तुमी अन् मायनं जोडीनं बसायचं. तुमीच म्हनायचं. दुसऱ्या कोनाले मी सांगत नाही."

 त्या दिवसापासून सकाळी ओसरीत बसून बाबा हळू आवाजात म्हणून पाहत, असं माय मला सांगायची. पंचशीलातल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'समादियामि' येतं. तिथपर्यंत एका श्वासात पोचता आलं पाहिजे, एवढंच ते पाहत होते.

बायको आणि मुलं आदल्या दिवशीच मेहकरला गेली. मी सकाळी गावी गेलो. आमचं गाव धामणगाव बढ्याच्या जवळ. माय तयार होती. उन्ह लागू नये म्हणून तिनं एक कांदा आपल्या कमरेला खोचला, एक बाबांच्या खिशात टाकला आणि तिसरा माझ्या गाडीत समोर ठेवला.

"माय, एसी आहे. कांदा कशाले?"

"एसीले काय समजते उन्ह? राहू दे तिथं."

गाव सुटलं आणि रस्त्याचं काम सुरू झालं. एका बाजूनं खोदलेलं, मुरूम टाकलेला, पुढे डंपर. मी सगळ्या काचा लावल्या. थोड्या वेळानं आरशात पाहिलं तर मायनं पदर तोंडाला लावला होता.

"काय होऊन राह्यलं माय?"

"काई नाही. तू चाल."

"अवं, सांग ना त्याले," बाबा म्हणाले. "अबे, काच खाली कर तिची."

मी तिची काच चार बोटं खाली केली. तेवढ्यातून डंपरची पांढरी धूळ आत आली. बाबा खोकले. मी काच वर केली. मायनं पुन्हा पदर लावला. मी पुन्हा खाली केली. बाबांनी दस्ती काढून नाकावर धरली आणि हातानंच मला खूण केली, की राहू दे, माझं मी पाहतो. त्यांचा खोकला वाढला तसा मी पुन्हा वर केली. मोताळ्यापर्यंत हेच चाललं. माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त होतं. कपाळावर घाम होता आणि एसी सुरू होता.

मोताळ्याच्या स्टँडजवळ माय म्हणाली, "थांबव."

ती उतरली, झाडाखाली जाऊन ओकली, चूळ भरली आणि पदरानं तोंड पुसत परत आली. पण गाडीत बसली नाही. काचेतून आत पाहत म्हणाली, "मी एसटीनं येतो. मलकापूरची मेहकर गाडी आता येईल. तुमी दोघं या आरामात."

"येडी झाली का वं?" बाबा म्हणाले. "पोराची गाडी आहे अन् तू एसटीनं जाशीन? लोकं काय म्हनतीन?"

"लोकाईले उलटी होऊन राह्यली का? मले होऊन राह्यली. अन् काच उघडी ठेवली तं तुमाले संध्याकाळी बोलता येनार नाही. पोरीनं कशासाठी बलावलं तुमाले?"

 मला फार वाईट वाटलं. गाडी घेतली तेव्हा माझ्या मनात एकच होतं, की या दोघांना आता स्टँडवर उभं राहावं लागू नये. मी म्हणालो, "माय, आपन थांबत थांबत जाऊ."

"थांबत थांबत उद्या पोचू," ती म्हणाली. तेवढ्यात बस आली आणि माय चढलीसुद्धा. खिडकी मिळाल्याबरोबर तिनं कोपर बाहेर काढलं आणि तिचा चेहरा एकदम बरा दिसायला लागला.

"चाल तिच्या मांगं," बाबा म्हणाले. "पुढं जाऊ नको."

अशी आमची वरात निघाली. पुढे लाल बस, तिच्या खिडकीतून आलेलं मायचं कोपर, मागे आमची काचा लावलेली गाडी. राजूरच्या घाटात बस पहिल्या गिअरमध्ये रांगायची, तर मीही रांगायचो. मागचे हॉर्न वाजवायचे. एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन आत डोकावून काहीतरी बोलून गेला. काच बंद असल्यामुळे कळलं नाही, पण चांगलं नसावं. बाबांची नजर बसवरून हटत नव्हती.

"दिसते का?"

"दिसते बाबा."

"हात आत घ्यायले सांग तिले. ट्रक घासून जाते."

"इथून कसं सांगू?"

"फोन लाव."

फोन लावला. वाजत राहिला. मायचा फोन थैलीत असतो आणि थैली सीटखाली. एसटीच्या खडखडाटात तो तिला कधीच ऐकू येत नाही. बाबांनी मांडीवर दस्तीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. बाहेर घाटाच्या कडेला पळस वाळून गेले होते. आत इतकं गार आणि इतकं शांत होतं, की मला त्या शांततेचीच भीती वाटत होती. त्यांचा प्रत्येक श्वास ऐकू येत होता. ते मनातल्या मनात म्हणून पाहत होते, हे ओठांवरून कळत होतं. मधेच ओठ थांबायचे.

बुलढाण्याच्या स्टँडबाहेर आम्ही थांबलो आणि बस निघाल्यावर पुन्हा मागे लागलो. चिखलीत घोटाळा झाला. तिथं बस स्टँडमध्ये बराच वेळ उभी राहिली. बाहेर हातगाड्या, ऑटो, गर्दी. मला एक पोलीसदादा पुढे घे, पुढे घे म्हणून दटावत होता. तेवढ्यात स्टँडमधून एकामागोमाग एक लाल बसगाड्या बाहेर पडल्या. एकीच्या खिडकीत मायसारखंच फिकट साडीतलं कोपर होतं. मी तिच्या मागे लागलो. पाटी पाहिली नाही. सकाळपासून मी कोपरच पाहत आलो होतो.

गाव मागे पडलं. बाबा पुढे वाकून पाहू लागले.

"अबे, हे मेहकरचा रस्ता नाही."

"असंन बाबा, वळसा घेतला असंन."

"तुही माय नाही हे. तिनं हिरव्या बांगड्या भरल्या कालच. ह्या बाईच्या हातात कडं आहे."

"काचेतून तसं दिसत असंन."

मी हे म्हणालो मात्र, आणि बाबांनी आपल्या बाजूची काच खाली केली. मी "बाबा, नका" म्हणेपर्यंत ती पूर्ण खाली गेली होती. दुपारची झळ, डिझेलचा धूर आणि रस्त्याची माती एकदम आत आली. ते डोकं बाहेर काढून ओरडले, "अवं! कोनती गाडी हे? कुठं चालली?"

खिडकीतल्या अनोळखी बाईनं वळून पाहिलं. ती तिकडून ओरडून म्हणाली, "जालना!"

मी गाडी कडेला घेतली. बाबांचा खोकला सुरू झाला होता. काच वर केली, एसी वाढवला, मग वाटलं गार नको, तो कमी केला. त्यांच्या खिशातून पंप काढून दिला. त्यांनी ओढला, थांबले, पुन्हा ओढला. त्यांची छाती भात्यासारखी चालली होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो. संध्याकाळची वंदना आता हातची गेली, असंच मला वाटलं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "फिरव गाडी. ते एकटी पोचंन तिथं."

"तुमी बोलू नका बाबा."

"अन् तू पाटी वाचत जाय. शिकला ना तू?"

मग त्यांनाच हसू आलं आणि हसण्यानं पुन्हा खोकला आला.

मेहकरपर्यंत मी कशी गाडी चालवली ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी सारखा त्यांच्याकडे पाहत होतो. स्टँडवर माय एका बाकावर थैली मांडीवर घेऊन बसली होती. आम्हाला पाहून उठली.

"एसीत बसून एवढा उशीर? मी इथं केव्हाची बसून राह्यली. मले वाटलं तुमी जेवून आले."

तिनं बाबांचा चेहरा पाहिला आणि तिची थट्टा तिथंच थांबली. "काच उघडली का?"

"उघडली," बाबा म्हणाले.

"कशाले?"

 मी सगळं सांगितलं. जालन्याच्या बाईचं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. "परक्या बाईच्या मांगं गाडी लावली दोघा बापलेकानं! शोभते का?" पण घरापर्यंतचा तेवढा टप्पा ती काचा लावलेल्या गाडीत मुकाट बसली. पदर तोंडाला लावून.

नव्या घरात रंगाचा वास होता. बाबांना आतल्या खोलीत झोपवलं. बहिणीचा चेहरा उतरला. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, दुसऱ्या कोनाले सांगू का म्हनायले?" मी म्हणालो, त्यांनाच विचार. ती गेली नाही. मीही गेलो नाही. दिवस कलला तसे लोक यायला लागले आणि बाबा स्वतःच उठून, पांढरा सदरा घालून बाहेर आले.

माय त्यांच्या शेजारी बसली. मेणबत्ती पेटवली. ती वाऱ्यानं हलायला लागली, तर कोणीतरी उठून खिडकी लावायला गेलं. बाबांनी मान हलवली. "राहू दे उघडी." मेणबत्तीसमोर माझ्या मुलीनं पुठ्ठा धरला.

बाबांनी सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण सरळ होता. त्यांनी ओळ म्हणायची, मागून आम्ही. आम्ही म्हणत असू तेवढ्यात त्यांना श्वास मिळत होता, म्हणून मी मुद्दाम सावकाश म्हणत होतो. पहिलं शील झालं. दुसरं, तिसरं. चौथ्याला ते मधेच अडले. तोंड उघडं, पण आवाज नाही.  माझा हात माझ्या खिशात ठेवलेल्या त्यांच्या पंपाकडे गेला.

तेव्हा मायनं, समोर मेणबत्तीकडेच पाहत, राहिलेली अर्धी ओळ म्हटली. 'समादियामि'पर्यंत, न अडखळता. इतकी वर्षं ती त्यांच्या मागून म्हणत आली होती. पुढे होऊन म्हणताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. लोकांनी मागून म्हटलं. पाचवं शील दोघांनी मिळून म्हटलं. त्यांचा श्वास सरला की तिचा आवाज असायचा. बहीण रडत होती आणि लोकांना चहासाठी थांबा थांबा म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत निघालो. मला वाटलं होतं, आज तरी माय गाडीत बसेल. तिनं थैली घेतली आणि स्टँडकडे चालायला लागली. बसमध्ये चढली, खिडकी पकडली. मी पाटी वाचली, मोठ्यानं वाचली.

बाबा गाडीतून उतरले. तोंडावर हात धरून बसच्या खिडकीशी गेले आणि खिशातली दस्ती काढून तिच्याकडे वर केली.

"हे बांध त्या गजाले. म्हंजे हे पोरगं चुकनार नाही."

मायनं गजाला गाठ मारली. कंडक्टर आतून म्हणाला, "मावशी, झेंडा लावला का गाडीले?"

"नवरा मांगून येते माहा," माय म्हणाली. "त्याले दिसलं पाह्यजे."

बाबा येऊन बसले. मी काचा लावल्या. बस निघाली आणि चौकड्यांची दस्ती फडफडायला लागली. चिखलीपर्यंत बाबांनी तिच्यावरून नजर काढली नाही. दर थोड्या वेळानं विचारत, "दिसते का?" आणि माझं बोट, मागच्या सीटवर कोणी नसतानाही, खूण पुसत आलेल्या त्या बटणावरच होतं.